आईच्या थायरॉइड आणि शुगरसाठी मेडलाइनप्लस, एनएचएस : वर्षभर वापरल्यानंतर

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कारल्याच्या रसापासून 'महिन्यात गोळ्या बंद'पर्यंत सगळं यायचं आणि आई ते मनावर घ्यायची. म्हणून गेल्या दिवाळीपासून मी दोनच साइट धरल्या. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची मेडलाइनप्लस (१९९८ पासून चालू, जाहिरात नाही) आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, एनएचएसची.

मला सगळ्यात जास्त भरवसा वाटला तो तारखेमुळे. मजकूर शेवटचा कधी तपासला ते पानावरच दिलेलं असतं. फॉरवर्डला ना तारीख, ना लिहिणाऱ्याचं नाव.

खरा उपयोग झाला थायरॉइडच्या गोळीला. डोस वाढवूनही टीएसएच (रक्तातला थायरॉइडचा आकडा, थायरॉइड कमी पडलं की तो वाढतो) खाली येत नव्हता. आई गोळी उपाशीपोटीच घ्यायची, पण अर्ध्या तासानं चहा-बिस्किटाबरोबर कॅल्शियमची गोळी. दोन्ही साइटवर स्पष्ट लिहिलंय की या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉक्सिन (थायरॉइडच्या गोळीतलं औषध) अंगात नीट शोषलं जात नाही. ते पान मोबाइलवर उघडून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लगेच कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितलं. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर टीएसएच बराच उतरला होता. माहिती अशी डॉक्टरांपुढे ठेवता आली तरच कामाची, असं माझं ठाम मत आहे.

आता अडचणी. एनएचएसवर शुगर वेगळ्या मापात असते. आपल्या लॅबचे १२६ म्हणजे तिथले ७. आपल्या आकड्याला १८ नं भागायचं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) आपल्याकडे ६.५ टक्के, तिथे तेच ४८! रिपोर्ट शेजारी धरून वाचणारा माणूस हबकेल. अमेरिकन साइटवर पॅरासिटामॉलचं नाव ॲसिटामिनोफेन आहे. आपल्या कंपन्यांची नावं टाकून बहुतेकदा काही सापडत नाही, स्ट्रिपवर लिहिलेलं मूळ औषधाचं नाव टाकावं लागतं. आहाराच्या पानांवर भाकरी, पोहे, साबुदाणा शोधू नका. आणि इंग्रजी येत नसलेल्या आईला हे सगळं मलाच मराठीत वाचून दाखवावं लागतं. मराठीत इतकं नीट तपासलेलं काही मिळत नाही, याचं फार वाईट वाटतं.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं अशा लक्षणांच्या पानांवर एनएचएस ९९९ ला फोन करायला सांगते. तो तिथला नंबर. महाराष्ट्रात ॲम्ब्युलन्ससाठी १०८.