हलणारा दात: वाचवावा की काढावा?

दात हलू लागला की बहुतेक घरांत दोनच सल्ले ऐकू येतात: एक, दुखत नाही तोवर राहू द्यावा, दुसरा, सरळ काढून इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रुजवलेला कृत्रिम दात, बसवावा. यांपैकी पहिला सल्ला निश्चितपणे घातक आहे, कारण पायरियात, म्हणजे हिरड्यांच्या जुनाट आजारात, हिरड्यांखालचे हाड बहुधा न दुखताच झिजत जाते. दुसरा सल्ला योग्य ठरू शकतो, पण तो तपासणीनंतर.

दात किती हलतो, यापेक्षा तो का हलतो आणि त्याच्या मुळाभोवती हाड किती उरले आहे, यावर निर्णय ठरतो. दात आडवा सुमारे 1 मिलिमीटरपर्यंत हलत असेल तर ती पहिली पायरी, त्याहून अधिक हलत असेल तर दुसरी आणि दाबल्यावर वर-खालीही होत असेल तर तिसरी मानतात. मात्र नवी कॅप उंच बसल्यामुळे किंवा मुळाशी पू झाल्यामुळे हलणारा दात चावण्याचा दाब कमी केल्यावर अथवा रूट कॅनाल केल्यावर पुन्हा घट्ट होऊ शकतो. तालमीत किंवा गाडीवरून पडून मार लागल्याने हललेला दातही तातडीने शेजारच्या दातांना बांधल्यास बहुतेक वेळा काही आठवड्यांत स्थिरावतो.

पायरियामुळे दात हलत असेल तर खरी तुलना सुरू होते. वाचवण्याच्या मार्गात हिरड्यांखालचे कीटण काढून मुळे साफ करतात, साधारण महिना-दीड महिन्याने हिरडी आणि दात यांमधल्या फटीची खोली पुन्हा मोजतात, ती 5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त राहिली तर हिरडी उघडून स्वच्छता करण्याची फ्लॅप शस्त्रक्रिया सुचवतात आणि गरज भासल्यास हलणारे दात एकमेकांना बांधतात. दात बांधल्याने चावणे सुसह्य होते, हाड भरून येत नाही. म्हणून सफाई न करता केवळ बांधून घेणे हा अर्धवट उपचार होय. साफसफाईने दात सैल होतात, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. प्रत्यक्षात कीटणाचा आधार गेल्याने काही दिवस तसे वाटते, पण हाड आधीच झिजलेले असते.

काढण्याच्या मार्गात जखम भरल्यावर पर्याय निवडावा लागतो. कवळी स्वस्त असते, परंतु भाकरी किंवा मटण चावताना तिची ताकद कमी पडते. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या कृत्रिम दातासाठी, ते दात घासावे लागतात, आणि तेही पायरियाने कमकुवत असतील तर आधार टिकत नाही. इम्प्लांट मजबूत असतो. पण तो महाग पडतो, हाडात रुजायला सामान्यतः 3 ते 6 महिने घेतो आणि अस्वच्छ हिरड्यांत त्याच्याभोवतीचेही हाड झिजते. त्यामुळे दात काढला तरी हिरड्यांचा उपचार टळत नाही, ही गोष्ट इम्प्लांटचा खर्च ठरवण्याआधी लक्षात घ्यावी.

माझ्या मते पहिल्या दोन पायऱ्यांतील, हाड बऱ्यापैकी शिल्लक असलेला दात आधी वाचवून पाहावा. तो वर-खाली होत असेल आणि हाड जवळजवळ संपले असेल, तर काढणेच हिताचे. दाढेच्या मुळांच्या फाट्यातले हाड गेले असेल तर यशाची शक्यता घटते.

वाचवण्याचा मार्ग निवडणाऱ्याने दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला जाण्याची तयारी ठेवावी. गगनबावडा किंवा चंदगडहून कोल्हापूरला येणाऱ्याने हा प्रवासही हिशेबात धरावा. मिश्री, तंबाखू किंवा सिगारेट चालूच राहिली तर दोन्ही मार्गांचे फळ कमी होते. मधुमेह असल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल सोबत न्यावा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये, आणि हाडांच्या ठिसूळपणावर इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील तर दात काढण्यापूर्वी ते आवर्जून सांगावे.

दोन डॉक्टरांची मते वेगळी आली तर हिरड्यांच्या तज्ज्ञाकडून एक्स-रेसह तिसरे मत घ्यावे. कोल्हापूर शहरातील खासगी तज्ज्ञांशिवाय नवे पारगाव येथील तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयाचाही त्यासाठी विचार करता येईल. तिथे किंवा कुठेही, आपल्या दाताभोवती हाड किती उरले आहे ते एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगावे.