फोर्कलिफ्टची देखभाल : एएमसी (वार्षिक देखभाल करार) घ्यावी की स्वतःचा फिटर ठेवावा?

रबाळे, तुर्भे किंवा तळोज्याच्या एमआयडीसीत एक-दोन फोर्कलिफ्ट बाळगणाऱ्या कारखानदारापुढे हा प्रश्न बहुधा वॉरंटी संपली की उभा राहतो. दोन्ही पर्यायांची तुलना सहसा वर्षाच्या खर्चावर केली जाते. माझ्या मते ती आधी अवर मीटरवर, म्हणजे मशीन किती तास चालले हे दाखवणाऱ्या मीटरवर करावी.

डिझेल फोर्कलिफ्टचे इंजिन ऑईल आणि फिल्टर साधारणपणे दर २५० तासांनी बदलावे लागतात. नेमका आकडा आपल्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. मीटरवर रोज ३ तास पडत असतील, तर २५० तास भरायला कामाचे सुमारे ८३ दिवस लागतात आणि दर तीन महिन्यांनी भेट देणारी एएमसी तिथे पुरेशी ठरते. तेच मशीन कंटेनर उतरवण्यासाठी दोन पाळ्यांत रोज १० तास चालत असेल, तर २५ दिवसांतच सर्व्हिस येते, आणि तिमाही भेटीची वाट पाहिल्यास तेल ठरलेल्या मुदतीच्या जवळजवळ तिप्पट चालते. अशा ठिकाणी करार महिन्यांवर न करता तासांवर करून घ्यावा, नाहीतर फिटर ठेवावा.

हायड्रॉलिक पंप, ट्रान्समिशन, इंजेक्शन पंप अशा कामांत एएमसीवाल्यांची हत्यारे आणि अनुभव उपयोगी पडतो. मात्र संध्याकाळी शिळफाट्याच्या कोंडीत अडकलेल्या तंत्रज्ञाची वाट पाहण्यापेक्षा, फुटलेला होज (तेलाचा लवचीक पाइप) बदलायला घरचा माणूस केव्हाही बरा. करारात टायर, बॅटरी आणि होज धरले आहेत का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. उलट फिटर एकच असेल, तर तो गावी गेला की देखभाल थांबते, आणि त्याचे काम तपासणारा दुसरा कोणी नसतो.

बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टला इंजिन ऑईल नसते, पण लेड-ॲसिड बॅटरीत चार्जिंग पूर्ण झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर भरण्याचे काम तिमाही भेटीवर सोडता येत नाही. तिथे रोजचा माणूस हवाच.

तपासणीत सर्वाधिक हयगय होते ती माल उचलणाऱ्या काट्याच्या, म्हणजे फोर्कच्या टाचेची, म्हणजे उभा आणि आडवा भाग जिथे मिळतो त्या जागेची. नवा फोर्क ४० मिलिमीटर जाडीचा असेल आणि टाच ३६ मिलिमीटरवर आली असेल, तर १० टक्के झीज झाली आणि फोर्क बदलण्याची वेळ आली असे समजावे. वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे १० टक्के झिजेने ती सुमारे १९ टक्क्यांनी घटते. लिफ्ट चेनही अशीच मोजावी : नवेपणी ३०० मिलिमीटर भरणाऱ्या कड्या ३०९ वर गेल्या, म्हणजे ३ टक्के ताणल्या, की ती काढून टाकावी.

ब्रेक, हॉर्न, सीट बेल्ट, टायर आणि तेलगळतीची पाळीपूर्वीची पाहणी ऑपरेटरकडेच राहते. एएमसी घेतली म्हणून ती टळत नाही.

एक-दोन मशीन एकाच पाळीत चालत असतील, तर मी एएमसी घेईन; पाच-सहा मशीन दोन पाळ्यांत असतील, तर फिटर ठेवून फक्त इंजिन आणि हायड्रॉलिकसाठी बाहेरचा करार करीन. कोणताही पर्याय निवडला, तरी सर्व्हिस रिपोर्टवर फोर्क आणि चेनसमोर ‘ठीक’ची खूण स्वीकारू नये, मिलिमीटरमधला आकडा लिहून घ्यावा आणि मागच्या रिपोर्टमधल्या आकड्याशी ताडून पाहूनच सही करावी.