सांगलीत घरी येणारी पॅलिएटिव्ह टीम, अण्णांच्या शेवटच्या अडीच महिन्यांचा अनुभव

खूप दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसलेय. थोडं लांबेल पण ज्यांच्या घरात म्हातारं माणूस अंथरुणाला आहे त्यांनी वाचा. पॅलिएटिव्ह म्हणजे मोठ्या आजारात दुखणं आणि बाकीचा त्रास कमी करणारी सेवा. टीमचं नाव इथं टाकत नाही, चारपाच जणांचीच टीम आहे आणि त्यांनीच सांगितलं की बाई नाव टाकू नका, एकदम फोन सुरू झाले तर आत्ता ज्या पेशंटकडं जातोय त्यांनाच वेळ पुरायचा नाही.

आमचे सासरे, अण्णा, वय ८२. चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, अक्षर मोत्यासारखं आणि हिशेब पक्का. प्रोस्टेटचा कॅन्सर, कळला तेव्हाच हाडात गेलेला, कंबर आणि मांडी. जूनमध्ये एका मोठ्या हॉस्पिटलनं सांगितलं की आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, जे मागतील ते खायला घाला. डिस्चार्ज पेपरवर गोळ्यांची नावं आणि महिन्यानं दाखवायला या, एवढंच. महिनाभर दुखलं तर काय करायचं, संडास झाली नाही तर काय करायचं, रात्री ओरडायला लागले तर कुणाला फोन करायचा हे कुणीच सांगितलं नाही. त्या गोळ्यांनी अण्णांना उलट्या व्हायच्या आणि दुखणं तिथंच. कूस बदलायला हात लावला तरी कळवळायचे आणि मग मलाच म्हणायचे, राहू दे सूनबाई, तुझी झोपमोड नको.

या टीमबद्दल आम्हाला जूनमध्येच एकानं सांगितलं होतं. आम्ही फोन केला जुलैच्या शेवटी. पाच आठवडे का घालवले तर घरात सगळ्यांना वाटायचं की पॅलिएटिव्ह म्हणजे अगदी घरघर लागल्यावर, आत्ताच बोलावलं तर आपणच अण्णांना मोडीत काढल्यासारखं होईल. वन्सं तर रडायलाच लागल्या. ते पाच आठवडे अण्णांनी जे सोसलं ते मला अजून झोपेत आठवतं, त्यातलं निम्म्याहून जास्त टाळता आलं असतं हे आता माहीत आहे. टीमच्या डॉक्टर मॅडम नंतर म्हणाल्या की कॅन्सर, जुना दम्याचा आजार, निकामी किडनी, अर्धांगवायू, विसरभोळेपणाचा आजार, काहीही असो, निदान झाल्यापासूनच ही सेवा बाकीच्या उपचारांबरोबर चालू करता येते. हे कुणी जूनमध्ये सांगितलं असतं तर!

पहिल्या दिवशी डॉक्टर मॅडम आणि एक सिस्टर आल्या, दीड तास बसल्या. आम्ही फायली पुढं केल्या तर मॅडमनी त्या बाजूला ठेवल्या आणि कॉटजवळ खुर्ची ओढून अण्णांनाच विचारलं, अण्णा, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय? मी, हे, वन्सं, आत्याबाई, सगळे एकदम बोलायला लागलो तर त्यांनी हात करून थांबवलं, म्हणाल्या त्यांना सांगू दे. अण्णा म्हणाले, दुखण्यापेक्षा संडासचा त्रास जास्त आहे आणि सुनेकडून करून घ्यावं लागतंय याची लाज वाटते. एवढे दिवस मी करत होते आणि मला हे माहीतच नव्हतं. सिस्टरनी त्याच दिवशी आमच्या ह्यांना सगळं शिकवलं, खाली प्लास्टिक कसं घालायचं, एका कुशीवर वळवून कसं पुसायचं, डायपर कसा बदलायचा. पन्नाशीच्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा वडिलांचं अंग पुसलं. दुसऱ्या दिवसापासून अण्णा माझ्याशी पूर्वीसारखं बोलायला लागले.

मग दुखण्याचं. सिस्टर म्हणाल्या शून्य ते दहामध्ये किती दुखतंय सांगा. अण्णांना ते काही जमेना. म्हणाले, आण्यात विचारा. बारा आणे दुखतंय, हालवलं की सोळा आणे. सिस्टरनी लगेच कागदावर शून्य ते सोळाची पट्टी आखली आणि तेव्हापासून आमच्या घरात आण्यातच हिशेब. अण्णांनी जुनी लाल वही काढायला लावली आणि सकाळ, दुपार, रात्र आणे लिहायला लागले, हात चालेना तेव्हा मी लिहायचे.

मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. हे नाव ऐकल्यावर आत्याबाई म्हणाल्या, अगं ती अफूच की, त्यानं माणूस लवकर जातं. मॅडमनी त्यांना शांतपणे अर्धा तास समजावलं की मॉर्फिन अफूपासूनच येतं हे खरं आहे, पण दुखण्याच्या मापानं थोडं थोडं वाढवत तोंडानं दिलं तर त्यानं माणूस लवकर जात नाही आणि दुखण्यासाठी घेणारा सहसा व्यसनीही होत नाही. आमच्याकडं ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी असं सुरू केलं, झोपताना दुप्पट म्हणजे मध्यरात्री उठवायला नको, आणि मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस वेगळा. हे आमचं माप, तुम्ही मनानं काही करू नका. पहिले दोनतीन दिवस गुंगी होती, मळमळ होती, ती गेली. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच. आधीच्या दवाखान्यातही तसल्याच दुखण्याच्या गोळ्या होत्या पण हे औषध कुणी दिलं नव्हतं, अण्णांचा सगळ्यात मोठा त्रास तिथून सुरू झाला होता.

चौथ्या दिवशी वहीत सकाळी सात आणे, रात्री चार आणे. त्या रात्री अण्णा सलग पाच तास झोपले. आम्ही घाबरून दोनदा श्वास बघितला.

मॉर्फिन साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, उगाच हेलपाटे घालू नका, आम्ही गावभाग ते विश्रामबाग सगळी पालथी घातली होती. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की दवाखान्यांनी ठेवणंच सोडून दिलं, २०१४ साली त्यात बदल झाला आणि आता मान्यता असलेली संस्था ठेवू शकते. तरी मान्यता असणारे कमीच. आम्हाला मिरजेला जाऊन सही करून आणावं लागायचं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वॉनलेस साहेबांच्या काळापासून कर्नाटकातनं सुद्धा लोक मिरजेला उपचाराला येतात, त्या मिरजेच्या शेजारी राहून आम्हाला एका गोळीसाठी सात आठवडे लागले याचं वाईट वाटतं.

अजून एक, त्यांनी सगळे उपचार बंद करा असं कधीच म्हटलं नाही. मांडीच्या हाडाचं दुखणं गोळ्यांनी पूर्ण जात नव्हतं तर मॅडमनीच मिरजेला रेडिएशनचं ठरवून दिलं, आपल्याकडं ज्याला लाईट देणं म्हणतात ते. मी म्हटलं पंचवीस दिवस रोज कसं नेणार? तर म्हणाल्या हाडाच्या दुखण्यासाठी एकच मोठा डोस बऱ्याचदा पुरतो. अँब्युलन्सनं एकदाच नेलं आणि दोनतीन आठवड्यांत फरक पडला.

सामानाचं पण सांगते. फाउलर बेड, म्हणजे डोक्याकडची-पायाकडची बाजू वर करता येते ती कॉट, भाड्यानं घेतला, महिना अडीच हजार, एअर बेड विकत घेतला. एअर बेड घेतला म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत हा आमचा गैरसमज. सिस्टरनी गादीखाली हात घालून बघितलं तर कमरेखाली हवाच नव्हती, प्रेशर कमी ठेवलेलं. तो असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या. लाल डाग दाबल्यावर पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात, तिथं चोळायचं नाही. आम्ही ब्युरोतनं बाराशे रुपये रोजानं माणूस ठेवला होता, ट्रेनिंग झालेला म्हणून पाठवला आणि तो रोज त्याच लाल डागावर पावडर लावून चोळत होता. ब्युरोला फोन केला तर म्हणाले दुसरा पाठवतो, पाठवला आठ दिवसांनी. तोवर कातडी गेली. ती जखम भरायला सिस्टरना महिना लागला. गोल रिंगची उशी पण त्यांनी काढून टाकायला लावली, तिच्या कडेनं रक्त उलट जास्त अडतं म्हणे.

ऑगस्टमध्ये कृष्णेला पाणी वाढलं. आमचं घर गावभागात, २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा आमच्या पहिल्या मजल्याच्या पायरीला पाणी होतं, त्यामुळं आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा आकडा चाळीस फुटांच्या जवळ आला की पोटात गोळा येतो. सिस्टरनी आकडा पस्तीसला असतानाच स्वतः फोन केला. गोळ्या दोन आठवड्यांच्या देऊन ठेवल्या, एक चिठ्ठी दिली की कुठल्याही डॉक्टरनं बघितलं तर सगळं कळावं, आणि पाणी यायच्या आधीच हलवा म्हणाल्या, नंतर बोटीतनं हाडाच्या पेशंटला नेणं म्हणजे हाल. आम्ही विश्रामबागला वन्संकडं सहा दिवस नेलं. तिथंही त्या आल्या, भिजत. असं कोण करतं हो.

एक दिवस अण्णांनी मॅडमना विचारलं, चोपडीपूजन गाठीन का? आम्ही सगळे गप्प. आम्ही तोवर त्यांना कॅन्सर हा शब्दही सांगितला नव्हता, संधिवात आहे म्हणत होतो. मॅडम म्हणाल्या, अण्णा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? ते म्हणाले, नाही गाठणार. मॅडम म्हणाल्या, मलाही तसंच वाटतं, तर जे करायचंय ते दिवाळीवर ठेवू नका. मला त्या क्षणी मॅडमचा राग आला होता हे खरं सांगते. पण अण्णा त्या दिवसानंतर मोकळे झाले. पासबुकं, एलआयसी, वारसाची नावं सगळं काढून ह्यांना समजावलं, यार्डातल्या जुन्या हमालाला बोलावून घेतलं आणि त्याचे चार हजार रुपये वीस वर्षांपासून द्यायचे होते ते दिले. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आयसीयू नको, व्हेंटिलेटर नको, घरीच, असं त्यांनी लिहूनही ठेवलं. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ ला पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. अण्णांनी मसुदा तीनदा वाचला, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि सही केली.

कमी काय वाटलं ते पण सांगते. रात्री फोन उचलतात, अगदी अडीच वाजता उचललाय, पण रात्री घरी येत नाहीत. रविवारी फक्त फोन. सांगली-मिरज-कुपवाडच्या बाहेर फारसं जात नाहीत, माझी मावशी जतकडं आहे तिच्यासाठी विचारलं तर नाही म्हणाले आणि तिथं दुसरं कोण हे त्यांनाही सांगता आलं नाही. अंगावरचं काम करायला माणूस ते देत नाहीत, ते तुमचं तुम्हालाच बघावं लागतं. व्हिजिटचे तीनशे घेतात, ज्यांना जमत नाही त्यांचे घेत नाहीत. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा रात्रीचा कापला.

शेवटच्या आठवड्यात अण्णांनी खाणं सोडलं. आत्याबाई सलाईन लावा म्हणून मागं लागल्या, उपाशी मारताय का म्हणाल्या. सिस्टरनी त्यांना जवळ बसवून सांगितलं की शरीराला आता ते पेलत नाही, पाणी पायात आणि छातीत साठेल आणि दम लागेल, त्यापेक्षा ओल्या कापडानं तोंड ओलं ठेवा, ओठांना तूप लावा. ते काम आत्याबाईंना दिलं. त्या दिवसरात्र बसून करायच्या. त्याआधी एकदा अण्णांनी भडंग मागितलं होतं, चावता येईना तर त्यातली तळलेली लसणाची पाकळी तोंडात धरून बसले होते, चेहरा बघण्यासारखा होता.

काय काय होईल ते सिस्टरनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं. हातपाय गार पडतील, श्वास मध्येच थांबून परत सुरू होईल, घशात घरघर होईल तेव्हा कुशीवर वळवा, तो आवाज आपल्याला जास्त त्रास देतो, त्यांना तेवढा जाणवत नाही. तसंच झालं, त्याच क्रमानं, त्यामुळं आम्ही घाबरून अँब्युलन्स बोलावली नाही. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे गेले, डोकं ह्यांच्या मांडीवर. सहा वाजता मॅडम आल्या आणि घरी मृत्यू झाल्यावर लागतो तो डॉक्टरचा फॉर्म ४ अ भरून दिला. हा कागद नसला तर महापालिकेत दाखल्याला किती फिरावं लागतं हे आमच्या शेजाऱ्यांना विचारा.

तेराव्यानंतर सिस्टर परत आल्या, मला वाटलं उरलेल्या गोळ्या न्यायला. त्या मोजून घेतल्या, चौदा, ह्यांची सही घेतली, पण नंतर तासभर बसल्या, आत्याबाईंशी बोलल्या, मला विचारलं की तू झोपतेस का. चार महिन्यांत मला हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मग लाल वही मागितली आणि शेवटचं पान बघितलं. माझ्या अक्षरात होतं, दुपारी दोन आणे, रात्री दोन आणे.

फाउलर बेड परत गेला. एअर बेड माझ्याकडं आहे, पंप चालू आहे, वॉरंटीची पावती पण आहे. सांगली-मिरजेत कुणाला लागत असेल तर मेसेज करा, पैसे नकोत, आणि टीमचा नंबर पण मेसेजवर देते.