तत्त्वज्ञान की मानसशास्त्र?

फोंड्याची भाची बारावी झाली, बी.ए.ला विषय कुठला घ्यावा म्हणून विचारत होती. आईचं मत मानसशास्त्र, तिचं मन तत्त्वज्ञानाकडे.

मानसशास्त्रात प्रयोग, चाचण्या, आकडेमोड असते. विल्हेल्म व्हुंट या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८७९मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळा निघाला. नोकरीची वाट स्पष्ट दिसते, पण नुसत्या बी.ए.वर समुपदेशक होता येत नाही, पुढे एम.ए. आलंच.

तत्त्वज्ञानात हाताशी उपकरण नाही, फक्त युक्तिवाद. ॲरिस्टॉटलचं अनुमान तीन वाक्यांत संपतं, न्यायदर्शनाला, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राला, पाच लागतात: डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, स्वयंपाकघरात दिसतो तसा... उदाहरण दिल्याशिवाय पुढे जायचंच नाही! मला ही शिस्त फार आवडते. शिवाय गोव्याच्या मुलीला हा विषय परका नाही. कवळ्याचा मठ स्मार्तांचा, अद्वैती, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच मानणारा; काणकोणचा पर्तगाळी मठ वैष्णवांचा, द्वैती, म्हणजे दोन्ही वेगळी मानणारा. लग्नाच्या बोलणीत स्मार्त-वैष्णव चौकशी करणाऱ्या किती जणांना त्यामागचा वाद ठाऊक असतो? अद्वैताचे शंकराचार्य आणि द्वैताचे मध्वाचार्य वाचले की तो उलगडतो.

नोकरीचं विचाराल तर पाट्या लावून कोणी तत्त्वज्ञ शोधत नाही. शिक्षकी, कायदा, पत्रकारिता असे वळसे घ्यावे लागतात. नागरी सेवा परीक्षेला मात्र दोन्हींपैकी कुठलाही एक विषय वैकल्पिक म्हणून चालतो, ५०० गुणांना.

वाचनाचा कंटाळा असेल तर मानसशास्त्र घे, म्हटलं. ती म्हणाली, "मामा, कंटाळा आईला आहे."