संयम शिकवायचा डबा मागवला, कामाला आली फक्त वाळू

मी लालबागला एका मराठी शाळेत मोठ्या शिशुला शिकवते, पाच-साडेपाच वर्षांची मुलं, पटावर 34, वर्ग म्हणजे एक खोली आणि मदतीला एक मावशी. जून-जुलैत आमच्याकडे काय चालतं ते बालवाडीवाल्यांना सांगायला नको, कोण डबा आधीच उघडून बसलंय, कोण दुसऱ्याचा खडू ओढतंय, कोण नंबर यायच्या आधीच नळावर. तर यंदा शाळेने मुलांना स्वतःवर ताबा ठेवायला शिकवणारं एक किट ऑनलाइन मागवलं, सोळाशे रुपयांचं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. चार महिने वापरलं, आता लिहिते.

डब्यात तीन वाळूची घड्याळं (1, 3 आणि 5 मिनिटांचं), चेहऱ्यांची कार्डं, थांबा-चला असा पुठ्ठ्याचा सिग्नल, फूल आणि मेणबत्तीचं चित्र, आणि एक जाड पुस्तिका.

आधी चांगलं सांगते. वाळूचं घड्याळ पैसावसूल. आमच्या वर्गात तीनचाकी सायकल एकच आणि तिच्यावरून रोज रडारड. तीन मिनिटवालं घड्याळ खिडकीत ठेवलं आणि सांगितलं, वाळू संपली की उतरायचं. पहिल्याच दिवशी आमचा सगळ्यात उतावळा पठ्ठ्या, जो एरवी ढकलूनच सायकल घेतो, तो घड्याळासमोर उकिडवा बसला, हनुवटी गुडघ्यावर, आणि मधे मधे मला रिपोर्ट, "बाई, अजून एवढीशी ऱ्हायली." शेवटचे कण पडले तसा उठला, आणि गंमत म्हणजे सायकलवरची मुलगी न सांगता उतरली. मी "उतर" म्हटलं असतं तर दहा मिनिटं वाद घातला असता तिने, वाळूशी कोण वाद घालणार. या वयात "थोडा वेळ थांब" याला काही अर्थच नसतो, थोडा म्हणजे किती ते डोळ्यांना दिसलं की थांबता येतं.

आता खोट. तीन मिनिटवालं मोबाईल लावून मोजलं तर अडीच मिनिटंही भरत नाही, आणि पावसाळ्यात तर वाळू मानेतच अडकून बसायची. पाच मिनिटवालं या वयाला फारच लांब, दोन मिनिटांनी मुलं कंटाळून दुसरीकडे. एका बाईसाहेबांनी तर स्वतःचा नंबर चालू असताना ते गुपचूप आडवं करून ठेवलं. विचारलं तर म्हणे, "बाई, वाळू झोपलीये." काय बोलणार!

चेहऱ्यांची कार्डं मात्र अगदीच वाया. परदेशी मुलांचे फोटो, खाली कुठल्या तरी मशीनने केलेलं मराठी, "निराश", "चिंताग्रस्त". पाच वर्षांच्या पोराला कोण चिंताग्रस्त म्हणतं हो? एक कार्ड दाखवून विचारलं हिला काय झालंय, तर अख्खा वर्ग एका सुरात, "शी आलीये!" आमच्या मुलांचे शब्द म्हणजे राग आला, भीती वाटते, कंटाळा आला, पोटात कसंतरी होतंय. आणि रुसणं! दिवसातून दहा वेळा घडणारी गोष्ट, तिचं कार्डच नाही. शेवटी मुलांकडूनच चेहरे काढून घेतले, रुसलेला चेहरा सगळ्यांना जमला.

मेणबत्तीचं पण तेच. "फुलाचा वास घे, मेणबत्ती विझव" असा श्वास घ्यायचा, राग शांत होतो म्हणे. मेणबत्ती दाखवली की सगळे हॅपी बर्थडे सुरू, टाळ्या वगैरे. मग मी म्हटलं, समोर गरमगरम वरणभात आहे, आधी वास घ्या, मग हळू फुंकर मारा, भात उडता कामा नये. हे लगेच जमलं.

सिग्नलची तर गरजच नव्हती. "चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड" यात वेगळं काय असतं? हात वर जायला निघालेला असतो आणि म्हैस ऐकून तो खाली धरायचा असतो, हाच तर ब्रेक. परदेशात अभ्यासक मुलांचा हा ब्रेक मोजायला असाच खेळ घेतात, डोक्याला हात लावा म्हटलं की पायाच्या बोटांना लावायचा. मेंदूचा जो पुढचा भाग हे काम करतो तो पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून मुलांना नियम पाठ असतात आणि हात तरी पुढे जातोच, कळतं पण वळत नाही ते यालाच. आपलं "हाताची घडी तोंडावर बोट" म्हणजे बाईंचा ब्रेक, बाई फळ्याकडे वळल्या की बोट खाली.

किटमध्ये नाही पण फुकटात होणारी एक गोष्ट सांगते. सोव्हिएत रशियात मनुइलेन्को यांनी 1948 साली दाखवलं होतं की मुलांना नुसतं "हलू नको" म्हटलं तर जेवढं थांबतात त्याच्यापेक्षा पहारेकरी बनवलं की खूप जास्त वेळ स्तब्ध उभी राहतात. आम्ही दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात मातीचा किल्ला केला होता, तेव्हा एकाला मावळा करून फूटपट्टीचा भाला दिला. मावशी चिक्की घेऊन समोरून गेल्या, साहेबांनी नुसते डोळे फिरवले, मान नाही.

आता पुस्तिका. त्यात पहिल्याच पानावर ती मार्शमॅलोवाली गोष्ट, की जी मुलं एक मिठाई न खाता दुसरीसाठी थांबली ती आयुष्यात पुढे गेली. स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांचे प्रयोग खरे आहेत, पण 2018 मध्ये 900 च्या वर मुलांवर पुन्हा तपासलं तेव्हा तो संबंध निम्म्यावर आला आणि घरची परिस्थिती हिशोबात धरली तर अजूनच बारीक झाला. हे पुस्तिकेत नाही. आणि 2013 चा सेलेस्ट किड यांचा प्रयोग तर पहिल्या पानावर पाहिजे होता. 28 मुलं, आधी सांगितलं की चांगले रंग आणून देतो, निम्म्यांना खरंच दिले, निम्म्यांना "सॉरी, नाहीयेत". मग मिठाई समोर ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला ती मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवलेली 3 मिनिटं. म्हणजे थांबण्यात काही अर्थ आहे का हे मूल आधी आपल्याकडे बघून ठरवतं.

हे मला चांगलंच झोंबलं. ऑगस्टमध्ये मी त्याच पठ्ठ्याला म्हटलं होतं, आज राहू दे, शुक्रवारी सायकल पहिली तुला. शुक्रवारी दहीहंडीच्या गडबडीत मी साफ विसरले. सोमवारी त्याने वाळूकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ ढकलून सायकल घेतली. पुढचे दोन आठवडे मी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहून ठेवायचे कोणाला काय कबूल केलंय ते, तेव्हा कुठे परत उकिडवा बसायला लागला.

पाचपैकी दोन स्टार, दोन्ही वाळूला. अख्खं किट घेऊ नका, नुसती घड्याळं क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रेहमान स्ट्रीटवर खेळण्यांच्या दुकानात विचारा, मला तिथे दोन खूप स्वस्तात मिळाली. घ्यायच्या आधी मोबाईल लावून मोजा, आणि वर्गात ठेवताना आडवं करता येणार नाही अशा उंचीवर ठेवा.