घरामागचे तीन मेपल आणि तोट्यांचा संच: एका हंगामानंतरचा अनुभव

कॅनडातील ओटावा शहराच्या पश्चिमेकडील आमच्या घरामागे तीन शुगर मेपल, म्हणजे गोड रसाची मेपलची झाडे, आहेत. त्यांचा रस काढण्यासाठी या वर्षी जानेवारीत मी एक घरगुती संच मागवला. त्यात स्टेनलेस स्टीलच्या चार तोट्या, झाकणाच्या चार बादल्या, आठ मिलिमीटरचे ड्रिलचे पाते, एक कापडी गाळणी आणि छोटी पुस्तिका होती. मार्च-एप्रिलचा पूर्ण हंगाम त्यावर काढला, रस आटवून केलेले सिरप, म्हणजे त्याचा घट्ट पाक, उन्हाळाभर वापरले आणि पानगळीनंतर झाडांवरची छिद्रेही पुन्हा तपासली, म्हणून आता लिहिते आहे. माझे मत आधीच सांगते: रस काढण्यासाठी हा संच चांगला आहे, परंतु रस काढणे हा या उद्योगाचा फार लहान भाग आहे आणि उरलेल्या मोठ्या भागासाठी, म्हणजे तो आटवून सिरप करण्यासाठी, संचात जवळजवळ काहीच नाही.

तोट्यांबद्दल तक्रार नाही. आठ मिलिमीटरचे छिद्र जुन्या पद्धतीच्या अकरा मिलिमीटरच्या छिद्रापेक्षा लहान असते, त्यामुळे झाडाची जखमही लहान राहते. पाते मात्र बोथट निघाले. पहिल्या छिद्रात लाकूड कापले जाण्याऐवजी चुरडले गेल्याचे दिसले आणि तिथेच मी थांबले. बाजारातून धारदार पाते आणून, त्यावर चार सेंटीमीटरवर चिकटपट्टीची खूण करून, बाहेरच्या बाजूस किंचित उतार राहील अशा बेताने बाकीची छिद्रे पाडली. भुसा फिकट पांढरा आला तर लाकूड जिवंत आहे, तपकिरी आला तर जागा बदलावी, एवढे ओळखता आले की पुरे. तोटी हलक्या हाताने ठोकावी. ठोक्याचा आवाज बदलून घट्ट झाला की लगेच थांबावे, नाहीतर साल फाटते आणि रस तोटीबाहेरून ओघळू लागतो.

पुस्तिकेत झाडाच्या जाडीबद्दल एकच ओळ आहे, ही मला सर्वांत गंभीर उणीव वाटते. खोडाचा व्यास निदान तीस सेंटीमीटर, म्हणजे छातीच्या उंचीवर घेर सुमारे ९५ सेंटीमीटर असल्याशिवाय मी तोटी लावणार नाही. आमच्या सर्वांत मोठ्या झाडाचा घेर १६० सेंटीमीटर आहे, त्याला दोन तोट्या लावल्या. इतर दोघांना एकेकच. झाडाची ओळखही उन्हाळ्यातच करून खूण बांधून ठेवावी. नॉर्वे मेपलचे पान दिसायला पुष्कळसे सारखे असते, पण त्याचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. शुगर मेपलला तो येत नाही. हिवाळ्यात ही परीक्षा करता येत नाही.

रस का वाहतो हे समजल्यावर बादल्या कधी पाहायच्या हेही आपोआप समजते. मेपलच्या लाकडातील काही तंतूंमध्ये पाण्याऐवजी वायू असतो. रात्री तापमान शून्याखाली गेले की तो आकुंचन पावतो, तिथे बर्फ धरतो आणि खोड मुळांकडून पाणी वर ओढून घेते. दिवसा बर्फ वितळला की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो आणि छिद्र मिळेल तिथून रस बाहेर पडतो. म्हणून रात्री उणे पाच आणि दुपारी अधिक पाच असा दिवस आला की बादल्या भरतात, आणि सलग गोठलेल्या किंवा सलग उबदार आठवड्यात त्या कोरड्या राहतात. या प्रदेशातल्या अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांना युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून या रसापासून साखर करणे ठाऊक होते. पहिल्या उबदार दुपारी तोटीतून थेंबामागून थेंब पडताना पाहिले, तेव्हा किती जुन्या ज्ञानाचा आपण आधार घेतो आहोत, हे मला खरोखर जाणवले.

आता आटवण्याबद्दल. माझे बालपण कोल्हापूरकडे गेले. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळू लागला की वर येणारी मळी काढताना आणि फेस उतू जाऊ नये म्हणून तेलाचे थेंब सोडताना मी पाहिले आहे. इथेही फेस तसाच चढतो आणि लोण्याच्या एवढ्याशा कणाने बसतो. पण उसाच्या रसात साखर पंधरा-अठरा टक्के असते आणि मेपलच्या रसात जेमतेम दोन टक्के. शिवाय उसाची चिपाडे स्वतःच चुलवाणाला जळण पुरवतात, तर इथे सगळे जळण विकत आणावे लागते. ८६ या आकड्याला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागले की एक लिटर सिरपसाठी किती लिटर रस लागेल ते कळते. दोन टक्क्यांना ४३ लिटर. आमचा एकूण रस १४८ लिटर झाला, सिरप साडेतीन लिटरांच्या आतच, आणि नऊ किलो प्रोपेनच्या दोन टाक्या जवळजवळ संपल्या. केवळ पैशाचा हिशेब करणाऱ्याने सिरप दुकानातूनच घ्यावे.

पहिली खेप मी स्वयंपाकघरात उंच पातेल्यात आटवली. ते कोणीही करू नये. चाळीस लिटर पाण्याची वाफ घरात सोडल्यावर खिडक्यांवरून पाणी ओघळू लागले आणि दिवस मावळला तरी पातेले अर्धेच आटले होते. पुढच्या खेपा अंगणात, उपाहारगृहात वापरतात तशा रुंद, उथळ स्टीलच्या ट्रेमध्ये केल्या. पृष्ठभाग वाढल्यामुळे वेळ निम्म्याहून कमी झाला. आटवण्याची पाळी येईपर्यंत रस बर्फाच्या ढिगात पुरलेल्या भांड्यांत ठेवावा, कारण तो दुधासारखाच नासतो.

पाक झाला हे तारेवरून ओळखण्याची आपली सवय इथे पुरी पडत नाही. उकळत्या पाण्यापेक्षा सुमारे चार अंश सेल्सिअस वर सिरप तयार होते, पण हवेच्या दाबाप्रमाणे पाण्याचा उत्कलनबिंदूच बदलतो, म्हणून त्या दिवशी आधी साधे पाणी उकळून तापमापी पाहावी लागते. शेवटी मी हायड्रोमीटर, म्हणजे पाकाच्या घनतेवरून साखरेचे प्रमाण दाखवणारे तरंगते उपकरण, घेतला, आणि संचात हीच वस्तू असायला हवी होती असे माझे ठाम मत झाले. साखर ६६ टक्क्यांहून कमी राहिली तर बुरशी येते, फार वाढली तर बाटलीच्या तळाशी खडे धरतात. हायड्रोमीटर येण्याआधी भरलेल्या बाटलीवर जुलैत बुरशी आली. नंतरच्या, ८५ अंशांवर गरम भरलेल्या बाटल्या आजही उत्तम आहेत.

संचातील कापडी गाळणी बाद समजावी. रस आटताना त्यातील खनिजांची बारीक वाळूसारखी रेव तयार होते आणि ती त्या कापडातून सरळ खाली उतरते. जाड फेल्टची गाळणी, आत पातळ अस्तर घालून आणि सिरप अगदी गरम असतानाच वापरली, तेव्हा कुठे ते पारदर्शक झाले. मार्चच्या आरंभीचे सिरप फिकट सोनेरी आणि सौम्य होते, एप्रिलचे गडद. नाचणीच्या भाकरीवर तुपाबरोबर, जशी आम्ही काकवी खात असू तसे, मला गडदच अधिक आवडले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कळ्या फुगू लागल्या, रसाला उग्र वास आला आणि त्याच दिवशी तोट्या काढल्या. छिद्रात काहीही भरले नाही. झाड ते स्वतःच बंद करते. आता कडेने नव्या सालीचे वळ आत सरकलेले स्पष्ट दिसतात, फक्त बोथट पात्याने पाडलेल्या पहिल्या छिद्राभोवती साल अजून कोरडी आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते. त्या झाडाला येत्या वर्षी विश्रांती द्यायची आहे. उरलेल्या दोन झाडांवर नवे छिद्र जुन्यापासून बाजूला निदान १५ सेंटीमीटर आणि वर किंवा खाली ६० सेंटीमीटर अंतर सोडून घ्यायचे आहे, म्हणून जुन्या जागांची मापे वहीत उतरवून ठेवली आहेत.