८ महिन्यांनंतर: बॅटरीवाली इम्पॅक्ट गन, एक जाम बोल्ट आन् हातभर वायर

इम्पॅक्ट गन म्हंजे ठोके देत नट-बोल्ट खोलायची मशीन. स्पेक सांगत बसत नाही, डब्यावर लिहून आहे. २० व्होल्ट, अर्धा इंची, दोन बॅटऱ्या.

पयले वायरचं. चार्जरची वायर हातभर, मोजून पाहिली. शेडातला बोर्ड आहे डोक्याच्या वर, म्हून रंगाचे तीन डबे रचून त्याच्यावर चार्जर ठेवा लागते. वावरातली लाईन पाळीनं रात्री येते, मंग अंधारात तोंडात टॉर्च धरून डबे रचा. साडेआठ हजार घेता ना बे, अजून दोन फूट वायर द्यायले काय जाते?

आता मुद्द्याचं. ऐन कापूस वेचणीत पिकअप गिअर टाकला की टक्क करून रायली होती. प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे फिरणारा दांडा) मागचा क्रॉस, म्हंजे त्याचा वळता सांधा, गेलता. चाकांना दगड लावले (शाफ्ट निघाला की गाडी गिअरमधी असली तरी गडगडते), फ्लँजवर (शाफ्ट बोल्टानं जोडायची चकती) खुणा केल्या आन् गन लावली. चारपैकी तीन बोल्ट टर्रर्र करून निघाले. चौथा हलेच ना! पांदणीतला चिखल पावसाळाभर त्यात बसून वाळलेला. गन नुसती खडखड करे, शेवटी गोटी (बोल्टाच्या डोक्यावर बसते ते सॉकेट) घसरली आन् बोल्टाचं डोकं गोल व्हायले लागलं. त्याच रात्री १ स्टार देऊन आलो. कस्टमर केअरवाली विचारते, सर चार्जिंग फुल होतं का? मी वायरचा विषय काढला तं म्हणे फीडबॅक नोंदवला.

शेजारचे काका म्हणे बोल्ट गॅसनं तापव. पण फ्लँजमागचं डिफरन्शियलचं (मागच्या धुरीच्या गिअरपेटीचं) ऑइल सील जळालं तं नवा क्रॉस टाकून फायदा काय?

सकाळी तालुक्याच्या मिस्त्रीले दाखवलं तं तो हसाच लागला. गोटी माझी १२ कोनी, साध्या सेटातली, वरून १० इंची एक्स्टेन्शनची दांडी. १२ कोनी बोल्टाले कोपऱ्यापाशीच धरते, ६ कोनी सपाट बाजूले धरते, म्हून घसरत नाही. लांब दांडी पीळ खाते, गनचा ठोका तिथंच जिरते. आन् चकचकीत क्रोमची गोटी गनवर लावायचीच नाही म्हणे, फुटून डोळ्यात जाईन. २२० रुपयाची काळी इम्पॅक्ट गोटी घेतली, छोट्या दांडीवर. वायर ब्रशनं माती काढली, जंग काढायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी पयले किंचित कसला आन् मंग उलटा. पाचेक सेकंद ठोकलं आन् कुईंऽऽ करून सुटला. मी एकटाच वरडलो, कुत्रं पळालं.

तं तो १ स्टार माझ्या गोटीचा होता, गनचा नाही. बदलून ४ केला.

बोल्ट चारही नवे टाकले. जुन्याच्या डोक्यावर १०.९ (बोल्टाच्या मजबुतीचा नंबर) होतं, दुकानदार ८.८ चे, म्हंजे कमी मजबूत, देऊन रायला होता, वापस केले. कसले मात्र टॉर्क पान्यानं (किती जोर लावला ते मोजणारा पाना), गननं नाही. तवापासून रोटावेटरची पाती, ट्रॉलीची चाकं, सगळं हिच्यावरच. बॅटरीही अजून दमली नाही.

पाचवा स्टार वायरचा कापला. परवा डबे कलंडले, चार्जरचं झाकण तडकलं, कंपनी म्हणते वॉरंटीत बसत नाही.